तारेपलीकडचं तळं

जेवणघरातल्या लांब टेबलावर मी नकाशा पसरला, तर तो पुन्हा पुन्हा गुंडाळला जाऊ लागला. रेब अन्शेलनी त्याच्या कोपऱ्यांवर साखरेची भांडी ठेवली आणि म्हणाले, "बघ, कागदालासुद्धा अक्कल आहे. नको तिथं उघडं पडू नये, हे त्याला कळतं."

मी हसले. कॅम्प चालवणाऱ्या रेब अन्शेलचं, म्हणजे अन्शेलरावांचं, बोलणं असंच. लहानपणी मी कितीतरी उन्हाळे ज्यू मुलींच्या या सुट्टीतल्या कॅम्पात काढले, तेव्हाही ते असेच बोलायचे आणि आम्ही मुली त्यांच्या पाठीमागून त्यांच्या चालीची नक्कल करायचो. आता कॅम्पांच्या आवारांची आखणी करणं हाच माझा धंदा झाला होता. शेजारच्या शेतकऱ्यानं कुरण विकायला काढलं, ते कॅम्पनं घेतलं आणि रेब अन्शेलनी मला बोलावून घेतलं. बाहेर कॅटस्किलच्या डोंगरांवर मेपलची पानं नुकती उलगडत होती. मुली यायला अजून अवकाश होता. त्यांच्या खोल्यांच्या दारात गाद्या ऊन खात पडल्या होत्या.

मी नकाशावर बोट फिरवत सांगत गेले. कुरणावर नवं मैदान. हस्तकलेची खोली पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट टेबलावर येईल. सगळ्यांत लहान मुलींच्या खोल्या जेवणघराला लागून, कारण दिवेलागणीला त्यांना घर आठवतं, आणि रडणाऱ्या पोरीला कोकोचा वास जवळ असलेला बरा.

"मैदान थोडं पलीकडे सरकव," रेब अन्शेल म्हणाले. "नाहीतर चेंडू स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो. गेल्या वर्षी थेट सूपमध्ये पडला. मात्झाच्या पिठाचा गोळा म्हणून वाढलासुद्धा असता कुणाला."

"आणि खाल्लाही असता."

"खाल्ला असता आणि पोरगी म्हणाली असती, आजचा जरा मऊ झालाय."

मग माझं बोट तळ्यापाशी आलं. पाइनच्या झाडांमधून एक सपाट पायवाट, काठावर मोकळी जागा, अर्ध्या चंद्रासारखे मांडलेले बाक. आणि आवाराभोवतीची तार मी त्या काठापर्यंत नेली होती.

रेब अन्शेलचं हसू विझलं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तळ्याच्या अलीकडून, पाइनच्या झाडांच्याही अलीकडून, एक जाड रेघ ओढली.

"तार इथून जाते," ते म्हणाले. "इथूनच जाणार."

तारेचं सांगायला हवं. शब्बाथच्या, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, आम्ही घराबाहेर काही उचलून नेत नाही. खिशातला रुमालही नाही, कडेवरचं मूलही नाही. पण आवाराभोवती खांब रोवले आणि त्यांच्या डोक्यांवरून तार ओढली, की दोन खांब आणि वरची तार मिळून एक दाराची चौकट होते. अशा चौकटींनी वेढलेलं सगळं आवार मग एकच घर मानतात. घरातल्या घरात ओझं नेलेलं चालतं. बाबागाडी ढकलता येते, पावाची टोपली हलवता येते. तारेच्या आत घर, तारेपलीकडे परकी माती. गावाला शीव असावी तशी ही आमची शीव. फक्त ती डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी बारीक.

एके काळी तळं या शिवेच्या आत होतं. तार रेब अन्शेलनीच तिथवर नेली होती, तरुण हातांनी, हौसेनं. शनिवारी उन्हं कलली, की सगळ्या मुली काठावर जमायच्या. वेणी घातलेला पाव, खारवलेले मासे, उकडलेली अंडी, आणि शब्बाथला निरोप देणारी गाणी. गाण्यांत पुढे असायची झिसल, रेब अन्शेलची एकुलती लेक. सतरा वर्षांची. तिचं स्वतःचं एक गाणं होतं. ते तिनं कुठून आणलं नव्हतं, आईबरोबर कणीक तिंबताना आपोआप जुळलं होतं:

*शब्बाथराणी बाई, नको गं घाई करू*
*तळ्याच्या काठावर, घडीभर हात धरू*

*तुझ्या गं वाटेवर, नाही मी ओझं नेत*
*रिकाम्या ओंजळीनं, निरोप तुला देत*

एका शनिवारी एक चिमुरडी आपली बाहुली घेऊन काठावर आली. बाहुली पाण्यात पडली. झिसल पाण्यावर आलेल्या लाकडी फळीवरून वाकली, मग उतरली. तळ्याच्या पोटात डोंगरातले झरे फुटतात, तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. बाहुली तरंगत काठाला लागली. झिसल लागली नाही.

रेब अन्शेलनी शोकाचे सात दिवस जमिनीवर बसून काढले, उठले आणि तार मागे घेतली. त्यांचा हिशेब सरळ होता. तार नसती, तर शब्बाथला त्या पोरीनं बाहुली उचलून आणलीच नसती. बाहुली नसती, तर झिसल असती. देवाला त्यांनी बोल लावला नाही, पोरीलाही नाही. लावला तो तारेला, आणि तारेआडून स्वतःच्या हातांना. पोहण्यासाठी दुसरीकडे हौद बांधला. तळ्याकडची वाट गवतानं खाल्ली. शनिवारची गाणी जेवणघरात आली. मी लहान होते तेव्हा तिथंच गायले, भांड्यांच्या खणखणाटात. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की तळ्याकडे जायचं नाही आणि का ते विचारायचं नाही.

"रेब अन्शेल," मी म्हटलं, "ब्लूमा मुमेनं मला..."

"ब्लूमानं सांगितलं असेल. ब्लूमा या आवारात राहते, आवार आखत नाही."

"आखत नाही म्हणूनच तर इतकी वर्षं गप्प बसले," दारातून आवाज आला.

चाकांची खुर्ची उंबरठ्याला अडली होती. मी धावत जाऊन ती आत घेतली. ब्लूमा त्यांची बायको, आम्हा सगळ्या मुलींची मुमे, म्हणजे मावशी. तिच्या हातचा दालचिनीचा पाव खाऊन आमच्या दोन पिढ्या वाढल्या. आता तिचे हात मांडीवर ठेवलेल्या मोज्यांसारखे दिसत होते. पाय आधीच गेले होते. या पानगळीच्या पुढचं डॉक्टर काही बोलत नव्हते, आणि हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

"मिरेले, त्याच्या हातातली पेन्सिल घे आधी," ती म्हणाली. "याच्या हातात काही आलं की हा रेघच ओढतो."

"ब्लूमा, तुला तळ्याकडे जायचं असलं तर मंगळवारी जा. बुधवारी जा. मी दहा माणसं देतो ढकलायला."

"मंगळवारी तिथं नुसतं पाणी असतं, अन्शेल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझे पाय होते तोवर मी दर शनिवारी गेले," ती सांगू लागली, त्यांना नाही, मला सांगितल्यासारखं. "रिकाम्या हातांनी. चालायला कुणाची ना आहे? उन्हं कलली, की काठावर उभी राहायचे आणि तिचं गाणं म्हणायचे. एकदाही हा आला नाही सोबत. मी म्हटलं, नको येऊ देत. मग पाय गेले. आता मला ढकलून न्यायचं म्हणजे मीच ओझं. आणि ओझं शब्बाथला तारेपलीकडे जात नाही." तिनं श्वास घेतला. "मला एकदा तिथं गाणं ऐकायचंय. शनिवारी. मुलींच्या तोंडून, पाण्यापाशी. एकदाच. नंतर तुला हवी तर तार स्वयंपाकघराभोवती गुंडाळ."

साखरेच्या भांड्यांखाली नकाशा फडफडला. रेब अन्शेल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. 

"पाणी आत घ्यायचं नाही," शेवटी ते म्हणाले. "काठ घ्या. पाणी नाही."

"काठ पुरे," ब्लूमा मुमे म्हणाली.

"आणि खांब मी रोवणार. माझ्या हातांनी."

"रोव बाबा. या वयात खड्डे खण. मग तुझीही खुर्ची माझ्या शेजारी लावू."

मी रेघ पुसली. खोडलेल्या जागी कागद थोडा खरवडला गेला. तो डाग आजही त्या नकाशावर आहे.

काम मात्र लांबलं. डोंगरातली माती म्हणजे वर वीतभर माती आणि खाली सगळा दगड. मुली आल्या, ट्रंका आल्या, हौदावर शिट्ट्या वाजू लागल्या, तरी काठाकडचे खांब उभे राहिले नव्हते. पहिले शब्बाथ जुन्या तारेवरच निघाले. पायवाट मी ब्लूमा मुमेच्या खुर्चीच्या मापानं आखून घेतली होती, कुठंही चढ नको, कुठंही मूळ आडवं नको. बाक मांडताना मधोमध एक जागा मोकळी सोडली, तिची खुर्ची तिथं अगदी नेमकी बसेल एवढी. दर दोन दिवसांनी ती विचारायची, "झालं का गं?" आणि मी म्हणायचे, "होतंय मुमे." तिचा चेहरा मेणबत्तीसारखा खाली खाली उतरत चालला होता. मला खांबांची घाई होती, तशी घाई मला आयुष्यात कुठल्याच कामाची झाली नव्हती.

अखेर एका शुक्रवारी दुपारी शेवटचा खांब उभा राहिला. तो अगदी पाण्याच्या कडेला होता. तार ओढायला रेब अन्शेल स्वतः शिडीवर चढले. कुणाला खाली थांबू दिलं नाही. जुनी तार सकाळीच उतरवली होती, तीच इथं लागणार होती. घामानं भिजून परत आले, तेव्हा नुसते एवढंच म्हणाले, "झालं."

ब्लूमा मुमेनं त्या संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मोतिया रंगाचा रुमाल डोक्याला बांधला होता, तो ठेवणीतला. "उद्या," ती मला म्हणाली. लग्नाच्या आदल्या दिवशी मुली म्हणतात तसं.

रब्बी पिंखस, कॅम्पचे तरुण धर्मगुरू, दर शुक्रवारी सगळ्या तारेखालून एक फेरी मारतात. कुठं तुटली असेल, सैल पडली असेल, तर ती शीव बाद. त्या दिवशी फेरी लांबली होती, नवं कुरण, नवा काठ. ते शेवटच्या खांबापाशी पोचले तेव्हा सूर्य डोंगराआड टेकला होता. तिथून ते पळत आले. रब्बींना पळताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"तार कुशीतून गेलीये," धापा टाकत ते म्हणाले. "शेवटच्या खांबाच्या. डोक्यावरून नाही. बाजूला गुंडाळलीये."

बाजूनं गेलेल्या तारेची चौकट होत नाही. एक चौकट मोडली, की घर मोडलं.

"शिडी आणा!" कुणीतरी ओरडलं.

रब्बींनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. सूर्य गेला होता. आता शिडीही उचलायची नाही, तारही बांधायची नाही, चांदण्या उगवून शब्बाथ संपेपर्यंत काहीच नाही.

जेवणघरात त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की हा शब्बाथ तारेविना काढायचा. मुलींनी खिशातले रुमाल काढून मनगटांना बांधले, कारण अंगावर घातलेलं ओझं नसतं. तान्ह्या मुलांच्या आयांनी सुस्कारे टाकले. कुणीच विचारलं नाही, तो शेवटचा खांब कुणी बांधला. सगळ्यांना ठाऊक होतं. या माणसानं जन्मभर तारा ओढल्या. तार डोक्यावरून जाते, कुशीतून नाही, हे त्यांच्याकडून आम्ही चेंडू झेलायला शिकायच्या आधी शिकलो होतो.

रेब अन्शेल घराच्या पायरीवर बसून राहिले. आत जाऊन सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. मी सांगितलं.

ब्लूमा मुमे रडली नाही. खुर्ची ढकलायला सांगून ओसरीवर आली, ओसरी घरातच मोडते. नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिली.

"पाण्याकडे पाठ करून बांधलीस ना?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. ताप आलेल्या मुलाला विचारावं, तसं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मला बघवेना, ब्लूमा. हात मागे नेऊन गुंडाळली. वाटलं, वरून गेली असेल." आणि थोड्या वेळानं, "रविवारी नीट करतो. पुढच्या शब्बाथला नेतो तुला. खात्रीनं नेतो."

"हो," ती म्हणाली. पण तिचे डोळे त्यांच्यावर नव्हते, तळ्याकडच्या पायवाटेवर होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली. जेवणघरात पाव, मासे, अंडी मांडली गेली. टोपल्या न्यायच्या नव्हत्या, तेव्हा मुली तिथंच खायला बसल्या. ब्लूमा मुमे ओसरीवर होती. मी तिच्या पायांशी. रेब अन्शेल कठड्याला टेकून उभे.

"अन्शेल," ती म्हणाली. "तू जा."

"कुठं?"

"मला ढकलता येत नाही. तुला कुणी ढकलायचंय? तुला पाय आहेत."

"मी एकटा जाऊन काय करू?"

"जे मी करायचे ते. मुलींना ने. पाव नको, मासे नकोत. रिकाम्या हातांनी जा आणि गा. वारा तिकडून इकडे आहे. मला येईल ऐकू."

"ब्लूमा, माझ्याच्यानं..."

"माझ्याच्यानं झालं, अन्शेल. इतकी वर्षं एकटीच्यानं होत होतं. आता होत नाही. तू जा."

 मग त्यांनी सदऱ्याचे खिसे उघडून आत पाहिलं. चष्म्याचं घर, एक रुमाल, एक खिळा, तारेचा एक तुकडा. ते काही कालच्या कामाचे कपडे नव्हते, शब्बाथचा सदरा होता. पण त्यांच्या खिशांत खिळे आपोआप उगवतात, असं मुमे नेहमी म्हणायची. आत्ताही म्हणाली, "बघ, शब्बाथलासुद्धा सुताराचं दुकान." कामाच्या वस्तूंना शब्बाथला हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी खिसे रिकामे केले नाहीत. सदराच काढला, कठड्यावर टाकला, आणि नुसत्या आतल्या बंडीवर पायऱ्या उतरले. जेवणघरापाशी थांबले. दारातून काहीतरी बोलले. मुली उठल्या. मनगटांवरचे रुमाल पांढऱ्या पक्ष्यांसारखे हलले. मोठ्या, छोट्या, अगदी कोकोवाल्या चिमुरड्यासुद्धा, त्यांच्या मागून पाइनच्या झाडांत शिरल्या. त्यांच्या चालीची नक्कल त्या दिवशी कुणी केली नाही.

आम्ही दोघी वाट पाहत बसलो. अंधार अजून पडला नव्हता, उजेड नुसता पातळ झाला होता. मुमेनं माझा हात धरला होता. तो हात इतका हलका, की पान धरल्यासारखं वाटावं.

मग आलं. आधी एकच आवाज. म्हातारा, चिरका, तालाच्या पुढे धावणारा.

*शब्बाथराणी बाई, नको गं घाई करू...*

मध्येच तुटला. कितीतरी वेळ नुसती झाडं सळसळली. मुमेच्या बोटांनी माझी बोटं आवळली. मग त्या तुटल्या ओळीला कुठल्यातरी कोवळ्या गळ्यानं उचललं, त्याच्यामागून दुसऱ्या, मग सगळ्यांनी, आणि तो म्हातारा आवाज त्यांच्यात मिसळून पाण्यावरून आमच्याकडे आला. वर आला, पायऱ्या चढला, ओसरीवर टेकला.

*तुझ्या गं वाटेवर, नाही मी ओझं नेत*
*रिकाम्या ओंजळीनं, निरोप तुला देत*

ब्लूमा मुमेचे ओठ हलत होते. गाल ओले होते. गाणं संपलं, तेव्हा ती म्हणाली, "मेला अजून बेसूरच आहे." आणि हसली. मग डोळे मिटून म्हणाली, "पण गेला गं. गेला तो."

रविवारी रेब अन्शेल पुन्हा शिडीवर चढले. या वेळी मी खाली शिडी धरून होते. ते पाण्याकडे तोंड करून उभे होते. तार त्यांनी खांबाच्या डोक्यावरून घेतली, ठोकली, दोनदा ओढून पाहिली. मग शिडीवरच थांबले, तळ्याकडे पाहत. मी वर पाहिलं नाही.

पुढचा शब्बाथ ब्लूमा मुमेच्या वाट्याला आला नाही. गुरुवारी पहाटे ती गेली. पानगळ यायला अजून कितीतरी दिवस होते. आमच्या हिशेबात आम्ही तेवढे दिवस धरून बसलो होतो.

या गोष्टीला आता काही उन्हाळे झाले. शनिवारची गाणी काठावर होतात. पावाच्या टोपल्या नेतात, बाबागाड्या नेतात, तार मजबूत आहे. मागे कुणीतरी नव्या माणसानं नकाशा पाहून मला विचारलं, बाकांच्या मधोमध एक बाक घालायचा राहून गेलाय का? मी म्हटलं, नाही, ती जागा तशीच आहे.

रेब अन्शेल त्या मोकळ्या जागेला लागून असलेल्या बाकावर बसतात, तिच्याकडच्या टोकाला. आता तारेच्या आत खिशात काहीही नेलेलं चालतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी निघण्याआधी ते सदरा काढतात, ओसरीच्या कठड्यावर ठेवतात, आणि रिकाम्या हातांनी तळ्याकडे चालू लागतात.